पँथरचे दोन तुकडे

१९७२ साली मार्व्हल कॉमिक्सला आपल्याच एका नायकाच्या नावाची अडचण होऊ लागली. वकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा 'ब्लॅक पँथर' स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ च्या मध्यावर 'फँटॅस्टिक फोर'च्या एका अंकात आणला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. कॉमिक्सचा पार्टीशी काही संबंध नव्हता. पण पार्टीचं नाव पुढे असं काही गाजलं, की कंपनीने राजाला काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' करून टाकलं आणि जुन्या नावाला राजकीय वास चिकटलाय, असा खुलासाही त्याच्याच तोंडी घातला. गंमत अशी, की त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे मित्र त्या राजकीय वासासाठीच ते नाव उचलत होते. दलित पँथरचा जन्म त्याच वर्षीचा.

म्हणून २०१८ साली आलेला रायन कूगलरचा 'ब्लॅक पँथर' मराठी प्रेक्षकाने निव्वळ मारामारी आणि धमाल म्हणून सोडून देऊ नये, असं मला वाटतं. हे नाव आपल्याकडे कुणी, कशासाठी घेतलं होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सिनेमाची एक खोड चटकन दिसेल. सिनेमाने पँथरचे दोन तुकडे केलेत. पोरांना शिकवणारा, वस्तीत दवापाणी करणारा तुकडा राजाला दिला. चिडलेला, हिशेब मागणारा तुकडा खलनायकाला दिला. आणि मग पहिल्याच्या हातून दुसऱ्याला मारवलं.

सिनेमा वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. या जातीच्या सिनेमांत तो बराच वरचा आहे. जगभरात त्याने सुमारे १३५ कोटी डॉलर कमावले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला सुपरहिरोपट ठरला. पैशांपेक्षा मोठी गोष्ट पडद्यावर घडली. हॉलिवूडच्या सिनेमात आफ्रिका म्हणजे जंगल, दुष्काळ, नाहीतर बंदुका घेतलेली पोरं. इथे आफ्रिका म्हणजे चुंबकीय रेल्वे, प्रयोगशाळा आणि तिथे सगळ्यांची अक्कल काढणारी राजाची धाकटी बहीण. सीमेवरचे योद्धे अंगावर घेतात त्या घोंगड्या लेसोथोच्या बासोथो लोकांच्या. राजमाता घालते ती रुंद टोपी झुलू बायकांची. राजघराण्याच्या तोंडी दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा, तीही जॉन कानीसारखी जन्माने खोसा बोलणारी माणसं बोलतात. वेशभूषेसाठी रूथ कार्टरना ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. आपल्याकडे मात्र सेन्सॉर बोर्डाने या सिनेमातला एकच शब्द वेचून मूक केला. वकांडातली एक टोळी हनुमानाची भक्त आहे, त्यातला 'हनुमान'. आफ्रिकेतल्या कुणी मारुतीचं नाव घेतलं तर नेमक्या कुणाच्या भावना दुखावणार होत्या, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

संस्कृतीच्या बाबतीत एवढा दिलदार असलेला हा सिनेमा राजकारणाची पाळी आली की हात आखडता घेतो.

लंडनमधल्या संग्रहालयाचा प्रसंग घ्या. हातात कॉफीचा कप घेतलेली एक गोरी अभ्यासक बाई आणि काचेच्या कपाटापाशी उभा असलेला काळा तरुण, सिनेमाचा खलनायक एरिक किलमाँगर. तो एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारतो, हे कुठलं? बाई सौजन्याने सांगते, अशांटी लोकांचं, एदो लोकांचं. तिसऱ्या वस्तूपाशी तो तिला दुरुस्त करतो: हे ब्रिटिश सैनिकांनी बेनिनमधून उचललं खरं, पण आहे वकांडाचं, आणि मी ते घेऊन जाणार आहे. वस्तू विकायच्या नाहीत, असं बाई म्हणते. त्यावर तो विचारतो, तुमच्या पूर्वजांनी या कशा मिळवल्या असं वाटतं तुम्हाला? योग्य किंमत मोजून? सुरक्षारक्षक मघापासून या काळ्या माणसावर डोळा ठेवून असतात आणि विष असतं बाईच्या कॉफीत.

या प्रसंगात काल्पनिक काय, तर फक्त वकांडा. १८९७ साली ब्रिटिश फौजेने बेनिनचं राज्य लुटलं आणि हजारो पितळी-कांस्य शिल्पं युरोपभर विखुरली. त्यांतली सुमारे ९०० आजही ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. १९६३ च्या कायद्यावर बोट ठेवून, आम्हाला वस्तू परत देताच येत नाहीत, असं संग्रहालय सांगतं. सिनेमा आला त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आफ्रिकी वस्तू परत करण्याची शिफारस करणारा सरकारी अहवाल आला. म्हणजे किलमाँगरचा प्रश्न हवेतला नव्हता. सातारकरांना तर तो विशेष कळावा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. अफजलखानाच्या वधात वापरलेली ती हीच का, याची खात्री ते संग्रहालयही देत नाही. पण साताऱ्याची रेसिडेन्सी सांभाळलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून तिकडे गेलेली वस्तू साताऱ्याला मुदतीवर बघायला मिळते, हा प्रकार काही कमी बोलका नाही.

आता सिनेमाने या प्रश्नाचं काय केलं ते बघू. प्रश्न विचारून होतो न होतो तोच बाई कोसळते, साथीदार येतात, पहारेकरी मारले जातात. वर जाताजाता किलमाँगर दुसऱ्या कपाटातला एक मुखवटाही उचलतो, केवळ आवडला म्हणून. तो वकांडाचा नाही, त्याचाही नाही. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी जो हक्काची वस्तू मागत होता, तो आता साधा चोर झाला. प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच उरली नाही.

या युक्तीला मी 'फुकटचा खून' म्हणतो. गेल्या दहापंधरा वर्षांतल्या सुपरहिरोपटांत ती ठरलेलीच आहे. खलनायकाला एक रास्त प्रश्न द्यायचा, कारण आजच्या प्रेक्षकाला नुसता राक्षस चालत नाही. मग प्रश्न प्रेक्षकाच्या फार जवळ येतोय असं दिसलं, की त्याच्या हातून कथानकाला फारसा गरजेचा नसलेला एक खून करवायचा. 'द डार्क नाइट राइजेस'मधला, श्रीमंतांच्या शहरावर उठलेला बेन शेवटी अणुबॉम्ब घेऊनच बसलेला निघतो. विश्वातली साधनसंपत्ती संपतेय म्हणणारा 'अ‍ॅव्हेंजर्स'मधला थॅनोस स्वतःच्या मानलेल्या मुलीला कड्यावरून फेकतो. 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या मालिकेतली, निर्वासितांसाठी लढणारी कार्ली माणसं आत असलेली इमारत पेटवते. किलमाँगर आपल्या मैत्रिणीला गोळी घालतो, औषधी वनस्पतींच्या बागेतल्या वृद्ध पुजारणीचा गळा धरून तिला उचलतो आणि ती बाग जाळून टाकतो. काळ्यांवरचा जुलूम थांबवायला निघालेल्या माणसाने काळ्या म्हातारीचा गळा का धरावा, याला कथेत काही उत्तर नाही. ते आपल्यासाठी आहे. नंतर राजाने त्याच्या छातीत पातं खुपसलं तर आपल्याला बोच लागू नये म्हणून.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. किलमाँगर वकांडाच्या साम्राज्यावरचा सूर्य मावळणार नाही अशी भाषा करतो. म्हणजे तो इंग्रजांचीच नक्कल करतोय, आणि राजा त्याला तेच सुनावतो. जुलूम सोसणारा जुलमी होऊ शकतो हे दाखवण्यात गैर काय? काहीच नाही. आंबेडकरी चळवळीतल्या कुणालाही हा धोका नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमाने ही दोनच टोकं ठेवली. एकीकडे सिंहासनावरचा शांत, सुसंस्कृत राजा, दुसरीकडे जग जाळायला निघालेला माथेफिरू. खरी पँथर चळवळ या दोहोंच्या मधल्या जागेत होती, आणि ती जागा सिनेमाने पुसली.

ओकलंडची पार्टी काय होती ते आठवा. ते काळा जाकीट आणि टोपी घालून, कायद्यात बसेल अशा रीतीने भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरत, वस्तीतल्या माणसाला पोलीस मारहाण करतात का यावर नजर ठेवत. तीच माणसं १९६९ पासून ओकलंडच्या चर्चमध्ये सकाळी शाळकरी पोरांना फुकट नाश्ता वाढत. हे पुढे इतर शहरांतही पसरलं. दवाखाने निघाले. बंदूक आणि नाश्ता ही एकाच संघटनेची, बरेचदा एकाच माणसाची कामं होती. एफबीआयचा प्रमुख एडगर हूवर याला बंदुकीइतकीच त्या नाश्त्याचीही धास्ती होती, कारण नाश्त्याने वस्ती संघटित होत होती. १९६९ च्या डिसेंबरात शिकागोत पोलिसांनी पहाटे घरात घुसून २१ वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यातच मारलं. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. सिनेमाची सुरुवात ओकलंडमध्येच होते, १९९२ सालात. कूगलर स्वतः त्याच शहरातला. त्यामुळे हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. तरीही सिनेमाच्या शेवटी राजा त्या जुन्या इमारती विकत घेतो आणि तिथे मदतकेंद्र उघडतो: नाश्ता राजाकडे, बंदूक मेलेल्या किलमाँगरकडे.

मुंबईच्या पँथरचीही अशीच फाळणी करून ठेवायची सवय आपल्याला लागलीय. ढसाळ कवी म्हणून मोठे, त्यांच्यावर समारंभ, परिसंवाद. पँथर म्हणून मात्र 'तो एक आक्रस्ताळा काळ होता' अशी मखलाशी. गावोगावच्या अत्याचारांची नोंद देणारा इळयापेरुमाळ समितीचा अहवाल संसदेत धूळ खात पडला होता. त्याचं काय करणार, हे विचारायला पँथर रस्त्यावर आले. राजा ढाले यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या विशेषांकात लिहिलेल्या लेखावरून गदारोळ उठला. पण चर्चा राष्ट्रध्वजाच्या अपमानाची झाली. ज्या बायकांच्या विटंबनेवर तो लेख होता, त्यांची नाही. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरनी बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल पेटली, आणि त्यानंतरच्या मोर्च्यावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव हा कार्यकर्ता गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. अहवाल, लेख, बहिष्कार, मोर्चा. यात जग जाळणं कुठे आहे? तरी ही मंडळी 'हिंसक' ठरली. कुणी हिंसक ठरवायचं, कधी ठरवायचं, हे ज्यांच्या हाती होतं ते पँथर नव्हते. सिनेमातला किलमाँगर रंगवताना हीच जुनी नजर वापरली गेलीय, फक्त पटकथा लिहिणारे या वेळी काळे होते.

ग्यानबाची मेख मात्र सीआयएच्या माणसात आहे. एव्हरेट रॉस हा या सिनेमातला भला गोरा माणूस. वकांडाची हेर नाकिया हिला वाचवताना गोळी झेलतो, वकांडात बरा होतो, राजाची बहीण शुरी त्याला थट्टेने 'वसाहतवाल्या' म्हणून हाक मारते, आपण हसतो. शेवटच्या लढाईत जगभरच्या दबलेल्या काळ्या लोकांकडे शस्त्रं घेऊन निघालेली विमानं पाडतो तो हाच. प्रयोगशाळेवर मारा चालू असताना जिवाची पर्वा न करता बसून राहतो. आणि थिएटरात टाळ्या पडतात.

आफ्रिकेच्या खऱ्या इतिहासात सीआयएने काय पाडलं? काँगोचा पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा याला विष घालण्यासाठी सीआयएचा रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलिब १९६० साली स्वतः विष घेऊन काँगोत गेला होता. हे अमेरिकी सिनेटच्याच, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये उघड केलं. विष वापरावं लागलं नाही. जानेवारी १९६१ मध्ये काँगोच्याच कटांगा भागात बेल्जियन अधिकाऱ्यांच्या देखत लुमुंबाला गोळ्या घातल्या गेल्या. कटांगाच कशाला, तर तिथल्या जमिनीखाली काय आहे ते बघा. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या युरेनियमचा मोठा भाग तिथल्या शिंकोलोब्वे खाणीतला. वकांडाची सगळी ताकद ज्या काल्पनिक धातूत आहे त्या व्हायब्रेनियमला प्रत्यक्षातला भाऊ शोधायचा तर तो हाच, आणि आज त्याच भागातलं कोबाल्ट आपल्या मोबाइलच्या बॅटरीत आहे. फरक एवढाच की काँगोला आपली खाण लपवता आली नाही.

रॉसची व्यक्तिरेखा कॉमिक्समध्ये आधीपासून होती, हे मान्य. पण त्याला विमानांपुढे बसवणं ही सिनेमाने केलेली निवड आहे. किलमाँगरला सत्ता उलथवण्याचं शिक्षण अमेरिकी लष्कराने दिलं, हे रॉसच आपल्याला सांगतो. 'तो आमच्यातलाच' असंही म्हणतो. म्हणजे रोग अमेरिकेने लावला आणि औषधही अमेरिकेनेच दिलं. पुढच्या वर्षी ऑस्करच्या रात्री सीआयएने आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावरून या सिनेमातलं खरं काय आणि कल्पित काय यावर हलक्याफुलक्या पोस्टी टाकल्या. लुमुंबा त्यात अर्थातच नव्हता.

वकांडातल्या राज्यव्यवस्थेबद्दल थोडक्यात. जगातला सर्वांत पुढारलेला देश आपला प्रमुख धबधब्यावर कुस्ती खेळून निवडतो. रयत पडद्यावर दिसते ती भाले उंचावून जयजयकार करायला. यावर आपण अमेरिकनांना फार हसू नये. आपल्या ऐतिहासिक सिनेमांतली रयतही बहुतेक वेळा तेवढ्याच कामाची असते, आणि भर सिनेमागृहात आपण गारद म्हणायला उभे राहतो. पण या राजेशाहीतूनच सिनेमातला सर्वांत चांगला राजकीय वाद निघतो, जेमतेम मिनिटभराचा. गादीवर किलमाँगर आलाय. सेनापती ओकोये म्हणते, मी सिंहासनाशी बांधलेली आहे, त्यावर कुणीही बसो. नाकियाला देश वाचवायचाय, त्यासाठी गादीविरुद्ध जावं लागलं तरी. नोकरशाहीत, पोलिसांत, न्यायालयात आयुष्य काढलेल्या कुणालाही हा पेच नवा वाटणार नाही. सिनेमा पुढे लगेच विमानांच्या मारामारीकडे पळतो, याची हळहळ वाटते.

ही नाकियाच खरं तर या सिनेमाची हुकलेली नायिका. ती पहिल्यांदा दिसते ती नायजेरियाच्या सांबिसा जंगलात, पळवून नेलेल्या मुलींमध्ये लपून. वकांडाने दारं उघडावीत, निर्वासितांना आसरा द्यावा, असं ती राजाला सुरुवातीलाच सांगते. राजा तिच्यावर प्रेम करतो, तिचं म्हणणं ऐकून घेतो आणि काहीही करत नाही. त्याचा मित्र वकाबी तर सरळ म्हणतो की निर्वासित आले की त्यांचे प्रश्नही येतात. वर्ष २०१८, अमेरिकेत भिंतीची भाषा जोरात, तेव्हा हा संवाद कुणाला उद्देशून होता ते वेगळं सांगायला नको. मग राजाचं मन वळतं कशाने? नाकियाच्या युक्तिवादाने नक्कीच नाही. वळतं ते किलमाँगर दारात येऊन उभा राहिल्यावर, आपल्या बापाने सख्ख्या भावाला मारून त्याच्या पोराला ओकलंडच्या वस्तीत टाकून दिलं हे कळल्यावर. पूर्वजांना 'तुम्ही सगळे चुकलात' असं तो ओरडून सांगतो, तेही त्यानंतरच. म्हणजे सिनेमाच्या स्वतःच्या कथेनुसार सभ्य विनंतीने काही झालं नाही, जे झालं ते चिडलेल्या माणसामुळे. शेवटच्या मदतकेंद्रावर पाटी लावायचीच तर ती किलमाँगरच्या नावाची हवी होती. श्रेयनामावलीच्या अधेमधे येणाऱ्या प्रसंगात राजा व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांपुढे पुलांची आणि भिंतींची भाषा करतो, पण त्या माणसाचा उल्लेख नाही.

एवढं असूनही कूगलरने किलमाँगरला शेवटी जे दिलं ते कुणी काढून घेऊ शकत नाही. राजा त्याला वाचवायला तयार असतो. तो नाही म्हणतो, आणि गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात उड्या घेतलेल्या पूर्वजांजवळ आपल्याला टाका, असं मागणं मागतो, कारण बेड्यांपेक्षा मरण बरं हे त्यांना कळलं होतं. डिस्नेच्या पैशांतून निघालेल्या सिनेमात हे वाक्य टिकलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मारेकरी ठरवलेल्या माणसाच्या तोंडी सिनेमाचं सर्वांत खरं वाक्य जातं, यातच लेखकांची ओढाताण दिसते. त्यांनी प्रश्न दडपला नाही. तो त्यांनी अशा माणसाला दिला की उत्तर द्यावं लागू नये.

राजाचं काम करणारा चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला आणि २०२२ चा दुसरा भाग त्याच्याशिवाय करावा लागला. त्यात ही ओढाताण आणखी उघडी पडते. मालीमधल्या वकांडाच्या मदतकेंद्रावर व्हायब्रेनियमसाठी हल्ला होतो आणि पकडलेल्या फ्रेंच सैनिकांना संयुक्त राष्ट्रांत सगळ्यांदेखत उभं केलं जातं. हे इतकं झोंबलं की फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्यांनी २०२३ मध्ये जाहीर निषेध नोंदवला. एखाद्या सुपरहिरोपटाचं राजकारण कुणी एवढं गांभीर्याने घेतलं याचं कौतुकच करायला हवं. पण सिनेमा पुढे त्या फ्रेंचांना विसरून जातो. उरलेले दोन तास लढतात ते वकांडाचे काळे लोक आणि स्पॅनिश आक्रमकांपासून पळून समुद्राखाली वसलेले तालोकानचे माया वंशज. व्हायब्रेनियमवर डोळा ठेवणारे अमेरिकन आणि फ्रेंच त्या लढाईत कुठेच नसतात. त्यांच्याकडून या वेळी फुकटचा खून करवून घ्यायचीही गरज पडली नाही.